साध्या सुटावरचा ‘बो’ : एका सुरगांठीचा इतिहास

ज्युबिलीसारख्या मंगल प्रसंगीं आमच्या लोकांत पोषाखाची चर्चा होणें साहजिकच आहे. स्त्रियांचा प्रश्न त्यांच्या त्यांच्यांत सुटतो. पुरुषांचा मात्र गळ्याशीं येऊन अडतो. सूट बहुतेकांच्या घरीं एक तरी असतोच, मग तो लग्नांत शिवलेला असो वा कचेरीसाठीं शिवलेला असो. परंतु त्याबरोबर लांब नेकटाय बांधावा कीं आडवा ‘बो’ बांधावा, हें ठरवितांना मतें दुभंगतात. कचेरींत घालावयाच्या साध्या सुटावर बो बांधून कोणी समारंभास आला, कीं त्याच्यावर दोन बाजूंनीं आक्षेप येतात. एक पक्ष म्हणतो कीं, बो हा रात्रींच्या डिनर जॅकेटचा सोबती. साध्या सुटावर तो बांधणें म्हणजे अर्धा पोषाख घरीं विसरून येणें होय. दुसरा पक्ष अधिक निष्ठुर असतो. तो म्हणतो, असला बो हॉटेलांतील वेटरांना नि बॅण्डवाल्यांना शोभतो, पाहुण्यांना नव्हे. पहिल्या आक्षेपानें माणूस ओशाळतो. दुसऱ्यानें तो दुखावतो, आणि त्याच्याबरोबर आणखी पुष्कळ प्रामाणिक माणसें दुखावलीं जातात. म्हणून या लहानशा वस्त्राची हकीकत जरा मुळापासून सांगावी, असा या लेखाचा हेतु आहे.

आधीं वस्तूची ओळख करून घेऊं. बो म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून आपल्या घरोघरची सुरगांठ होय. बुटाची नाडी आपण जशी बांधतों, तशीच ही गांठ गळ्याशीं बांधावयाची असते. दोन पाकळ्या, दोन टोकें, आणि एक टोंक ओढलें कीं सुटणारी. निरगांठ एकदां पडली म्हणजे दांतांनीं सोडवावी लागते. सुरगांठ क्षणांत मोकळी होते. हा गुण ध्यानांत ठेवावा, कारण ज्यांनीं हें वस्त्र पहिल्यानें युरोपांत आणलें, ते दरबारी लोक नव्हते. ते घाईनें घोड्यावर बसणारे शिपाई होते.

इ. स. १६१८ पासून १६४८ पर्यंत मध्य युरोपांत जें दीर्घ युद्ध चाललें, त्यास तीस वर्षांचें युद्ध म्हणतात. त्या युद्धांत फ्रान्सच्या पदरीं क्रोएशिया देशाचे भाडोत्री स्वार होते. हे स्वार गळ्याभोंवतीं कापडाची पट्टी गुंडाळून तिची पुढें गांठ मारीत; साध्या शिपायाची पट्टी जाडीभरडी असे, तर अंमलदाराची तलम. त्या काळीं फ्रेंच सरदारांच्या गळ्यांत खळ देऊन ताठ केलेल्या लेसच्या मोठाल्या कॉलरी असत. त्या लढाईच्या धुळींत काय उपयोगाच्या? शिपायांची पट्टी सोयीची, धुण्यास सोपी, आणि दिसण्यांतही बरी; तेव्हां ती फ्रेंचांनीं उचलली आणि चौदाव्या लुई राजाच्या कारकीर्दींत ती दरबारांत प्रतिष्ठित झाली. क्रोएशियन स्वारांच्या पलटणीस राजानें ‘रॉयल क्राव्हात’ असें नांव दिलें होतें. ‘क्राव्हात’ हा फ्रेंच शब्द ‘क्रोआत’ या जातिनामापासून झाला, असें बहुतेक कोशकार मानतात. पोर्तुगीज भाषेंत त्याचाच ‘ग्रावाता’ झाला, आणि तो शब्द पोर्तुगीज अमदानींत गोव्याच्या घरांतही येऊन पोंचला. क्रोएशियाचे लोक आजही या वस्त्राचा अभिमान बाळगतात. २००३ सालीं त्यांनीं पुला शहरांतील प्राचीन रोमन रंगभूमीस एक अवाढव्य नेकटाय बांधला, आणि २००८ सालीं त्यांच्या पार्लमेंटानें १८ ऑक्टोबर हा दिवस या गळवस्त्राचा दिवस म्हणून जाहीर केला. निघतांना घरच्या स्त्रियांनीं आपल्या पुरुषांच्या गळ्यांत प्रेमाची खूण म्हणून ही पट्टी बांधली, अशी तिकडे दंतकथा आहे. ती खरी असो वा नसो, सांगण्याजोगी आहे खास.

गळ्याच्या वस्त्रांचें त्या शतकांतलें आणखी एक अपत्य आमच्या लोकांच्या डोळ्यांपुढें नित्य असतें, पण त्याची ओळख कोणी विचारीत नाहीं. कोर्टांत वकिलांच्या गळ्याशीं ज्या दोन पांढऱ्या पट्ट्या लोंबतात, त्या सतराव्या शतकांतील खालीं पडणाऱ्या कॉलरीचा अवशेष होत. माझगांवच्या माथारपाखाडीचे बॅरिस्टर जोसेफ बाप्तिस्टा, ज्यांना सारी मुंबई ‘काका’ म्हणे आणि जे १९२५ सालीं मुंबईचे मेयर झाले, त्यांनाही वकिलीच्या पोषाखांत ह्याच पट्ट्या बांधाव्या लागत. कोर्टांतल्या या पट्ट्यांस कोणी परकें वा हास्यास्पद मानीत नाहीं. संवयीचा महिमा एवढा असतो.

असो. १६९२ च्या ऑगस्टांत बेल्जममधील स्टीनकर्क येथें मार्शल लक्झेंबर्गच्या फ्रेंच फौजेवर इंग्लंडच्या तिसऱ्या विल्यम राजानें अवचित हल्ला केला. फ्रेंच राजपुत्रांना व अंमलदारांना गळ्याचें वस्त्र नीट बांधण्यासही अवसर मिळाला नाहीं. त्यांनीं तें कसेंबसें पिळून गळ्यांत अडकविलें आणि ते लढण्यास धांवले. लढाईंत त्यांची सरशी झाली. मग काय विचारतां? पॅरिसमधील स्त्रीपुरुष मुद्दाम आपलीं गळवस्त्रें तशीं पिळून बांधूं लागलीं, आणि त्या तऱ्हेस ‘स्टीनकर्क’ असें नांव पडलें. ही हकीकत व्हॉल्तेरनें आपल्या चौदाव्या लुईच्या इतिहासांत नमूद केली आहे. घाईंत झालेला गबाळेपणा ‘फॅशन’ होऊन बसतो, याचें इतकें लखलखीत उदाहरण दुसरें मिळणें कठीण.

पुढें अठराव्या शतकांत पुरुष कृत्रिम केंसांचे टोप घालीत. टोपाचे मागचे केंस एका काळ्या रेशमी पिशवींत सांठवीत, आणि पिशवीची काळी फीत गळ्याभोंवतीं पुढें आणून हनुवटीखालीं तिची सुरगांठ बांधीत. या फितीस फ्रेंच लोक ‘सोलितेर’ म्हणत. पांढऱ्या वस्त्रावर काळी सुरगांठ, हें चित्र युरोपच्या डोळ्यांस येथूनच परिचयाचें झालें. डिनर जॅकेट जन्मास यावयास तेव्हां शंभरांहून अधिक वर्षें अवकाश होता.

आतां या इतिहासांतील सर्वांत रंगेल, आणि सर्वांत करुण, पुरुषाकडे वळूं. जॉर्ज ब्रमेल हा १७७८ सालीं लंडनमध्यें जन्मला. घराणें उमरावाचें नव्हे. परंतु इंग्लंडचा युवराज त्याचा मित्र झाला, आणि कांहीं वर्षें लंडनच्या सभ्य समाजानें काय ल्यावें, काय ल्यूं नये, हें या एका माणसानें ठरविलें. त्यानें भडक रंग, जर नि कलाबूत टाकून दिली. निळा कोट, स्वच्छ धुतलेलें कापड आणि गळ्यांतील पांढरें मलमली वस्त्र, एवढ्यावर त्याचा सारा भर असे. त्याच्यापूर्वीं हीं वस्त्रें हनुवटीखालीं पिशवीसारखीं ओघळत. ब्रमेलनें त्यांस हलकी खळ द्यावयास लावली. वस्त्र एकदां गळ्यास गुंडाळलें, कीं हनुवटी हळूहळू खालीं आणून तो त्याच्या घड्या पाडी. घडी चुकली तर तें वस्त्र टाकून दुसरें घेई. एका सकाळीं त्याचा नोकर चुरगळलेल्या वस्त्रांचा ढीग हातांवर घेऊन जिना उतरत होता. पाहुण्यानें विचारतां, हीं आमचीं फसलेलीं आहेत, असें त्यानें गंभीरपणें सांगितलें, ही गोष्ट ब्रमेलच्या चरित्रकारानें लिहून ठेविली आहे.

या गोष्टीस लोक हंसतात, हंसावें. परंतु ब्रमेलनें केलेली एक गोष्ट हंसण्यावारी नेण्याजोगी नाहीं. दागदागिने आणि जरतार यांवरून माणसाची प्रतिष्ठा ओळखण्याचा काळ त्यानें संपविला, आणि स्वच्छता व नेटकेपणा हे गुण, जे गरिबासही साध्य आहेत, ते पुढें आणले. आज एखादा कारकून स्वच्छ सदरा, इस्त्रीचा सूट नि नीट बांधलेली गांठ एवढ्यावर लक्षाधीशाच्या शेजारीं ताठ मानेनें बसूं शकतो, याचें थोडेंसें श्रेय या छानछोकी माणसास द्यावयास हवें. त्याचा स्वतःचा शेवट मात्र दारुण झाला. जुगारानें व कर्जानें तो बुडाला; १८१६ सालीं रातोरात फ्रान्समध्यें पळाला; कां शहरांत वकिलातीची लहानशी नोकरी मिळाली तीही गेली; १८३५ त कर्जापायीं तुरुंग पाहिला; आणि अखेर बुद्धिभ्रंश होऊन १८४० सालीं कां येथील ‘बों सोव्हर’ या वेड्यांच्या आश्रमांत त्यानें देह ठेवला. तो आश्रम आमच्याच कॅथॉलिक धर्मभगिनींचा. ज्याच्या वस्त्रावर डाग पडलेला लंडननें पाहिला नव्हता, त्याची शेवटची शुश्रूषा त्या भगिनींनीं केली.

ब्रमेल देशोधडीस लागला तरी त्याची कला वाढतच गेली. १८२७ त पॅरिसमध्यें गळवस्त्र बांधण्याच्या कलेवर एक पुस्तक निघालें. लेखकाचें नांव ‘बॅरन द लांपेझे’, म्हणजे आमच्या भाषेंत ‘खळदारसाहेब’! हें टोपणनांव होतें हें सांगणें नकोच. पुढें थोर कादंबरीकार म्हणून जो गाजला, त्या बाल्झाकच्या तेव्हांच्या छापखान्यांत तें छापलें गेलें.

यानंतरचा भाग आमच्या वादाशीं अगदीं निगडित आहे, म्हणून तो जरा सावकाश पाहूं. एकोणिसाव्या शतकांत गळ्याचें मोठें वस्त्र आटत आटत लहान झालें, आणि त्याच्या दोन शाखा झाल्या. एक लांब लोंबणारी, ती आजचा नेकटाय. दुसरी आडव्या सुरगांठीची, ती बो. या दोन्ही शाखा दिवसां, कामकाजाच्या कपड्यांवर, सर्रास वापरल्या जात. अमेरिकेचे अध्यक्ष अब्राहम लिंकन यांचीं छायाचित्रें पाहावींत: लांब काळा दिवसाचा कोट आणि गळ्यांत किंचित् वांकडा झालेला काळा बो. १८६० च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्कला कूपर युनियनमध्यें त्यांनीं जें विख्यात भाषण केलें, त्या दिवशीं ब्रेडीनें काढलेल्या छायाचित्रांतही तोच. त्यांना कोणीं वेटर म्हटलें नाहीं.

रात्रींचा पोषाख मात्र स्वतंत्र नियमांनीं जखडला गेला. सूर्यास्तानंतर मेजवानीस वा नाटकास जातांना मागें शेपटे असलेला काळा कोट, पांढरें जाकीट आणि पांढरा बो, हाच पूर्ण पोषाख ठरला. स्टॉकहोमला १० डिसेंबर रोजीं नोबेल पारितोषिकें वांटतांना पुरुष अजूनही तोच पोषाख करतात. ज्यांना नको असेल त्यांना आपल्या देशाचा राष्ट्रीय पोषाख करण्याची मुभा असते. मग काळा बो कोठून आला? १८६५ सालीं इंग्लंडच्या युवराजानें, पुढें जो सातवा एडवर्ड झाला त्यानें, लंडनच्या हेन्री पूल या शिंप्याकडून एक आंखूड, बिनशेपट्यांचा निळा कोट शिवून घेतला. घरांत, आपल्या माणसांत, आरामानें जेवतां यावें म्हणून. १८८६ त न्यूयॉर्कजवळील टक्सीडो पार्क या श्रीमंतांच्या वसाहतींत असाच आंखूड कोट मिरवूं लागला, आणि अमेरिकेंत त्या कोटास गांवाचेंच नांव पडलें. या आंखूड कोटावर पांढऱ्या बोऐवजीं काळा बो बांधण्याचा प्रघात पडला. वाचकांनीं येथें क्षणभर थांबावें. ज्या डिनर जॅकेटचा आज एवढा दरारा आहे, तें जन्मलें तेव्हां घरगुती ढिलाईचा पोषाख होतें! पूर्ण पोषाखाच्या भोक्त्यांना तें पाहुण्यांपुढें घालणें असभ्यपणाचें वाटे.

आणि साध्या सुटाची कुळकथा तरी काय आहे? एकाच कापडाचा आंखूड कोट, जाकीट नि पाटलोण यांचा हा जोड एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडांत निघाला तो गांवाकडे नि समुद्रकिनाऱ्यावर विश्रांतीसाठीं फिरतांना घालावयास. त्याचें इंग्रजी नांवच ‘लाउंज सूट’, म्हणजे आरामाचा सूट. शहरांत पेढीवर वा पार्लमेंटांत जाणारा गृहस्थ गुडघ्यांपर्यंत लांब कोट घाली. पहिल्या महायुद्धानंतर मात्र तो लांब कोट झपाट्यानें मागें पडला आणि आरामाचा सूट कचेरीचा, आणि पुढें समारंभाचाही सूट होऊन बसला. लांब नेकटाय आज ज्या रूपांत आपण पाहतों, तें रूपही फार जुनें नव्हे. कापड तिरकस कापून तीन तुकड्यांत शिवण्याची युक्ति न्यूयॉर्कचा जेसी लॅंग्सडॉर्फ यानें १९२४ च्या सुमारास काढली, तेव्हांपासून नेकटाय न पिळवटतां सरळ लोंबूं लागला. तात्पर्य, साधा सूट व लांब नेकटाय हीच सनातन जोडी आणि बो हा तिच्यांतला घुसखोर, हें म्हणणें इतिहासास मान्य नाहीं. वयानें पाहिलें तर बो थोरला ठरतो.

विसाव्या शतकांत लांब नेकटायची सरशी झाली, हें कबूल केलेंच पाहिजे. तरी दिवसाच्या सुटावर बो बांधणारे थोर पुरुष शेवटपर्यंत होतेच. १९४१ सालच्या ३० डिसेंबरास विन्स्टन चर्चिल यांनीं ओटावा येथें कॅनडाच्या पार्लमेंटापुढें भाषण केलें. युद्धाचा अतिशय कठीण काळ, परदेशची लोकसभा, यापेक्षां गंभीर प्रसंग कोणता असावा? त्या दिवशीं त्यांच्या गळ्यांत ठिपक्यांचा बो होता. भाषणानंतर छायाचित्रकार युसुफ कार्श यानें त्यांच्या तोंडांतील चिरूट पुढें होऊन काढून घेतला आणि त्याच क्षणीं त्यांचें चित्र टिपलें. सिंहासारखे गुरकावणारे चर्चिल त्या चित्रांत सर्वांनीं पाहिले आहेत. २०१६ सालीं निघालेल्या इंग्लंडच्या पांच पौंडांच्या नोटेवर तेंच चित्र आहे, आणि बोही आहे. ओटावाच्या एका हॉटेलांत टांगलेली त्या चित्राची मूळ छपाई चोरीस गेल्याचें २०२२ त उघडकीस आलें, व २०२४ त ती इटलींत सांपडली, हा मजकूर येथें केवळ गमतीचा.

अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रूमन यांची गोष्ट मला अधिक भावते. पहिल्या महायुद्धांतून परतल्यावर त्यांनीं १९१९ त एका सोबत्याबरोबर कॅन्सस सिटींत पुरुषांच्या सदरे-कॉलरी-नेकटायांचें दुकान काढलें. १९२२ त तें बुडालें. दिवाळें काढून मोकळें होण्याचा मार्ग खुला असतां ट्रूमन यांनीं तो पत्करला नाहीं. देणें वर्षानुवर्षें फेडीत राहिले. पुढें अध्यक्षपदावर असतांनाही त्यांच्या गळ्यांत अनेकदां बो दिसे, आणि तो कसा बांधावा हें त्यांना कोणीं शिकविण्याची गरज नव्हती. तें त्यांच्या धंद्याचेंच ज्ञान होतें.

डॉक्टर व नकाशे काढणारे लोक बोस कां चिकटून राहिले, याचें कारण साधें आहे: लांब नेकटाय लोंबतो, बो लोंबत नाहीं. वास्तुशिल्पी ल कोर्ब्युझिए यांच्या गळ्यांत नेहमीं बो. मेजावर ओणवून काम करतांना शाई पुसून जाण्याची भीति नाहीं. पेनिसिलिनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग हेही बो बांधीत. पुढें कित्येक वर्षांनीं, २००४ त, न्यूयॉर्कच्या एका इस्पितळांतील डॉक्टरांचे नेकटाय तपासले, तेव्हां निम्म्याच्या जवळपास नेकटायांवर रोगजंतु आढळले. आणि २००७ त इंग्लंडच्या आरोग्यखात्यानें रोग्यांस तपासतांना नेकटाय न बांधण्याची सूचना दिली.

आतां मुंबईकडे येऊं. १८८८ त मोहनदास गांधी नांवाचा एक तरुण कायदा शिकण्यास लंडनला गेला. मुंबईच्या घाटाचे कपडे तेथील समाजांत शोभत नाहींत असें वाटून त्यानें नवे कपडे घेतले. बॉंड स्ट्रीटवर दहा पौंड घालवून रात्रींचा पोषाख शिवविला. आणि तयार टाय वापरणें शिष्टसंमत नसल्यामुळें टाय स्वतः बांधण्याची कला शिकला. रोज दहा मिनिटें मोठ्या आरशापुढें टाय नि भांग यांत जात, असें त्यांनीं आत्मचरित्रांत स्वतःच प्रांजळपणें लिहिलें आहे. हा इंग्रजी सभ्यपणाचा ज्वर सुमारें तीन महिने टिकला. पुढें या पुरुषानें काय वस्त्र पत्करलें तें जगास ठाऊक आहे. पण परक्या समाजांत आपणांस कोणी हंसूं नये म्हणून आरशापुढें उभा राहिलेला तो मुलगा, आमच्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांना आपलाच वाटला असता.

कारण आमची स्थिति कांहीं निराळी नव्हती. १८८७ त, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, उत्तर कोंकणांतील व मुंबई बेटांतील एतद्देशीय कॅथॉलिकांनीं ‘ईस्ट इंडियन’ हें नांव धारण करून आपली संस्था स्थापिली. रेल्वेंत, जकातींत, सरकारी कचेऱ्यांत आमचे पुरुष नोकरीस लागले आणि कोट-पाटलोण त्यांच्या अंगवळणीं पडली. स्त्रियांनीं आपलें लुगडें दीर्घकाळ सोडलें नाहीं. लग्नाच्या जुन्या छायाचित्रांत नवरदेव सुटांत आणि त्याची आई लुगड्यांत, असें दृश्य म्हणूनच दिसतें.

लग्नाचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट सांगितली पाहिजे, जी आमच्याच लोकांस विशेष लागू आहे. काळा बो व डिनर जॅकेट हा पोषाख सायंकाळचा. सुमारें सहा वाजण्यापूर्वीं तो करूं नये, असा युरोपांतील दंडक. आणि आमचें लग्न केव्हां लागे? १९१७ च्या धर्मसंहितेप्रमाणें पवित्र मिस्सा दुपारीं एकनंतर सुरू करावयाची नसे. विवाहाची मिस्सा अर्थातच सकाळची. १९५३ च्या जानेवारींत पोप बारावे पायस यांनीं कांहीं अटींवर सायंकाळच्या मिस्सेस परवानगी दिली व १९५७ त ती अधिक सैल केली, तेव्हां संध्याकाळचीं लग्नें शक्य झालीं. तोंवर सकाळच्या मिस्सेस काळा बो व डिनर जॅकेट घालून वेदीपुढें उभा राहणारा नवरदेव, पोषाखाच्या पंडितांच्या दृष्टीनें चुकत होता. आणि साध्या सुटावर रंगीत वा करडा बो बांधणारा बरोबर होता! आजही सकाळचें लग्न असेल तर हाच निवाडा लागू आहे. ‘पूर्ण पोषाख’ म्हणून भाड्यानें आणलेलें डिनर जॅकेट सकाळीं दहा वाजतां घालण्यापेक्षां घरचा निळा सूट अधिक शास्त्रशुद्ध.

राहिला दुसरा आक्षेप, वेटरांचा व बॅण्डवाल्यांचा. त्यांत तथ्य एवढेंच कीं, साहेबलोकांचा रात्रींचा पोषाख पुढें साहेबांच्या सेवकांचा व करमणूक करणाऱ्यांचा गणवेश झाला. १९०३ त ताजमहाल हॉटेल उघडलें. मुंबईच्या हॉटेलांत, क्लबांत नि मूकपटांच्या थिएटरांत वाद्यें वाजविण्यास माणसें लागूं लागलीं. त्यांत गोव्याच्या कॅथॉलिक वादकांचा मोठा भरणा होता. पॅरिशच्या शाळांत स्वरलिपी व व्हायोलिन शिकून आलेले हे लोक रात्रभर काळ्या बोंत उभे राहून वाजवीत. आणि पुढें हिंदी चित्रपटांचें संगीत ज्या वाद्यवृंदांवर उभें राहिलें, त्यांतही हेच होते. त्या बोनें किती घरांची चूल पेटली, किती मुलांच्या फिया भरल्या! तेव्हां ‘बॅण्डवाल्यासारखा दिसतोस’ हें वाक्य आमच्या मंडपांत ज्याच्या तोंडून निघतें, त्यानें आपल्या घराण्याचा वंशवृक्ष जरा चाळून पाहावा, एवढेंच मी सुचवितों.

तथापि गैरसमज टाळण्याचा सोपा उपाय आहे, आणि तो रंगांत आहे. काळा बो डिनर जॅकेटसाठीं ठेवावा, पांढरा शेपट्यांच्या कोटासाठीं. साध्या सुटावर काळा बो बांधला, तर पाहणाऱ्यास अर्धवट राहिलेल्या रात्रींच्या पोषाखाची आठवण होते, आणि पहिल्या पक्षाचा आक्षेप तेथें खरा ठरतो. गर्द निळा, ठिपक्यांचा, किरमिजी वा बारीक रेघांचा बो घेतला, कीं ती शंकाच उरत नाहीं. तो दिवसाचा, स्वतंत्र पोषाख आहे हें लांबूनच कळतें. सदऱ्याची कॉलर साधी दुमडलेलीच असावी; उभी, कोपरे मुडपलेली कॉलर शेपट्यांच्या कोटाची आहे. बो आडवा असल्यामुळें सदऱ्याची पुढची पट्टी व बटणें उघडीं पडतात. म्हणून आंत जाकीट असलें तर उत्तम, नसेल तर कोटाचें बटण लावून ठेवावें. आणि सर्वांआधीं आमंत्रण नीट वाचावें. त्यावर ‘ब्लॅक टाय’ असें स्पष्ट असेल, तर यजमानानें डिनर जॅकेट मागितलें आहे. ज्याच्यापाशीं तें नाहीं, त्यानें गडद सूट घालून बिनदिक्कत जावें, पण त्यावर काळा बो बांधून सोंग आणूं नये. आमंत्रणावर ‘लाउंज सूट’ असेल किंवा नुसतेंच ‘समारंभाचा पोषाख’ असेल, तर रंगीत बोस पूर्ण मोकळीक आहे.

शेवटीं तयार शिवलेल्या बोविषयीं. पाठीमागें आंकडा असलेला, आयती गांठ मारलेला बो बाजारांत मिळतो, आणि पंडित त्याचा फार तिटकारा करतात. तो तिटकारा मला तितकासा पटत नाहीं. महाराष्ट्रांत पागोटें व फेटा डोक्यावर हातानें बांधीत. पण पगडी ही पगडबंदाकडून आयती बांधून घेतलेली असे आणि ती टोपीसारखी चढवीत. म्हणून पगडीवाल्यांस कोणीं कमी लेखलें नाहीं. ज्याचे हात कांपतात अशा वृद्धानें, किंवा लहान मुलानें, आयता बो लावावा. त्यांत उणें कांहीं नाहीं. ज्यास वेळ आहे त्यानें मात्र एक संध्याकाळ आरशापुढें काढावी. आरशांत डावें उजवें उलटें दिसतें, त्यामुळें प्रथम बोटें गोंधळतात. तेव्हां आरशाकडे न पाहतां, मांडीवर बुटाची नाडी बांधल्याप्रमाणें दोन-चार वेळां मांडीभोंवतींच गांठ बांधून पाहावी. तेथें बसली कीं गळ्याशींही बसते. एक पाकळी दुसरीपेक्षां किंचित् मोठी राहिली तर ओढाताण करूं नये. हातानें बांधलेल्या गांठीची ती ओळखच आहे, आणि लिंकनचीही तशीच असे.